चौथं पान

स्नेहलताचं लग्न अडतिसाव्या वर्षी झालं, आणि तेही बिजवराशी. मिरजेतल्या बायका तोंडावर म्हणायच्या, "नशीब काढलंस हो, थेट जर्मनी." पाठ फिरली की त्याच बायका "दुसरेपणावर दिली बिचारीला" म्हणून हळहळायच्या. स्नेहलताला दोन्ही ऐकू यायचं. इतकी वर्षं पोस्टाच्या काउंटरवर बसलेल्या बाईला काचेपलीकडची कुजबुज ऐकू येणारच. तिला स्वतःला लग्नाची फारशी हौस उरली नव्हती. पण आई गेली, घर खायला उठलं, भावाने स्थळ आणलं आणि माणूस शांत वाटला. त्याच्या मोबाइलमध्ये त्याच्या मुलीचा फोटो होता. दोन वेण्या, कपाळावर आठी, ओठ घट्ट मिटलेले. खरं सांगायचं तर स्नेहलता भाळली ती त्या फोटोवर. नवरा काय, पदरात पडला आणि पवित्र झाला.

तरी बाई हिशेबी. पोस्टाचा राजीनामा तिने दिला नाही, दिवाळीपर्यंत बिनपगारी रजा टाकली. भावाला म्हणाली, "पोर माझी होते का ते आधी बघते. नाही झाली, तर मी आपली मिरजेला परत." भावाने विचारलं, "आणि नवऱ्याचं काय?" ती म्हणाली, "तो मोठा आहे. त्याचं तो बघेल."

तर २०१४ च्या जानेवारीत ती हॅनोव्हरला आली. नवरा गुरुदत्त एका जपानी कंपनीच्या तिथल्या ऑफिसात मेकॅनिकल इंजिनियर होता. पहिली बायको नंदिनी तीन वर्षांपूर्वी त्याच घरात आजारी पडली आणि त्याच गावात गेली. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर अजून तिच्याच अक्षरात हळद, हिंग, गोडा मसाला लिहिलेलं होतं. गुरुदत्त चांगला माणूस. भांडी घासायचा, बर्फ पडला की स्नेहलताचा हात धरून चालायचा. पण नंदिनीचं नाव त्याच्या तोंडून कधी निघालं नाही. विषय जवळ आला की "आल्झो...", म्हणजे "तर मग...", म्हणायचा आणि उठून जायचा. तोंडाला कुलूप लावलं होतं आणि किल्ली कुठे टाकली ते त्यालाही आठवत नव्हतं.

आणि मैत्रेयी. नऊ वर्षांची. पोळी हवी का विचारलं, तर जर्मनमध्ये "नाइन", नाही. शाळेत काय झालं विचारलं, तर "निक्स", काही नाही. स्नेहलताला ती कुठल्याच नावाने हाक मारत नसे. काही हवं असलं तर समोर येऊन उभी राहायची. इथली मुलं मराठी विसरतात, कळतं पण बोलता येत नाही, असं गावातल्या इतर मराठी बायकांनी स्नेहलताला सांगितलं होतं. तिनेही तशी मनाची समजूत घातली.

मग एका संध्याकाळी ती मैत्रेयीच्या खोलीबाहेर कपड्यांच्या घड्या घालत होती आणि आतून मराठी ऐकू आलं. स्वच्छ, सदाशिव पेठेतल्यासारखं. "अगं, तिने काय केलं माहितीये? माझी पेन्सिल घेतली आणि परत म्हणते कशी, की तिचीच आहे." मग गप्प. कुणीतरी काहीतरी विचारावं, एवढा वेळ गप्प. "नाही सांगितलं टीचरला. सांगू?" पुन्हा गप्प. "बरं."

स्नेहलताच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. फोन बाहेर टेबलावर होता.

त्या रात्री तिने गुरुदत्तला सांगितलं. तो म्हणाला, "खेळत असेल. मुलं खेळतात." पण खेळ रोज चालायचा, दिवेलागणीला, दार लावून. एकदा अशाच एका गप्प जागेनंतर मैत्रेयी खुदकन हसली, समोरच्याने विनोद केल्यावर हसतो तसं. त्या दिवसापासून स्नेहलताने पॅसेजमधला दिवा मालवणं बंद केलं. तिला भीती वाटत होती आणि भीतीपेक्षा जास्त वाईट वाटत होतं. पोरीकडे मराठी होतं. तिने ते जपून ठेवलं होतं, फक्त एका माणसासाठी.

सप्टेंबरात पितृपंधरवडा आला. पुण्याहून सासूबाईंचा फोन आला, "स्नेहलता, नवमीला सवाष्ण जेवू घाल हो. चुकवू नकोस." नवरा हयात असताना जी बाई जाते, तिच्या नावाने अविधवा नवमीला एका सवाष्णीला बोलवायचं, पोटभर जेवू घालायचं, ओटी भरायची. दुसरी बायको म्हणून हे करणं स्नेहलताच्या वाट्याला आलं होतं आणि तिला त्याचं काही वाटतही नव्हतं. मेलेल्या माणसाशी कसला सवतीमत्सर?

पण नवमी आली बुधवारी. हॅनोव्हरमध्ये बुधवारी दुपारी सवाष्ण कुठून आणायची? स्वरूपा सॉफ्टवेअरवाली म्हणाली, "अगं, बुधवारी माझा टेर्मिन आहे, वेळ ठरलेली, हलवता नाही येणार." ऊर्मिला नवऱ्याकडे कायझर्सलाउटर्नला गेलेली. बाकीच्यांनी तर "शनिवारी चालेल का?" असं विचारलं. नवमी शनिवारी ढकलायला ती काय ऑफिसची मीटिंग आहे? त्यात त्याच बुधवारी संध्याकाळी गुरुदत्तच्या कंपनीचा कार्यक्रम होता. जपानहून कलाकार येणार होते, तिथलं जुनं मुखवट्यांचं नाटक, त्यानंतर पारंपरिक जपानी जेवण, सगळं सहकुटुंब. जाणं भाग होतं.

आणि इथे स्नेहलताने हात दाखवून अवलक्षण केलं. आदल्या संध्याकाळी देव्हाऱ्यापाशी नंदिनीच्या फोटोला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या आणि काउंटरवर बोलावं तसं स्पष्ट बोलली, "नंदिनीताई, उद्या तुमची नवमी. मला सवाष्ण मिळाली नाही. उद्या आम्ही बाहेर जेवायला जाणार आहोत. तुम्हीच या आमच्याबरोबर. राग मानू नका."

वळली, तर दारात मैत्रेयी. कपाळावरची आठी नव्हती. ती स्नेहलताकडे पहिल्यांदाच नीट बघत होती. मग हॉलमधला फोन वाजला आणि ती तो घ्यायला पळाली.

बुधवारी दुपारी स्नेहलताने हे सगळं सासूबाईंना सरळपणे सांगितलं. 

"वेडी का काय तू?" सासूबाई म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "अगं, सवाष्ण बोलावतात ती कशासाठी? जिची नवमी, ती स्वतः येऊ नये म्हणून. दुसरीच्या रूपाने जेवते आणि दारातूनच परत जाते. तू तिला नावाने आमंत्रण दिलंस. अक्षता देऊन."

"आता काय करू?"

"जेवण झालं की उठायच्या आधी सांग तिला. मोठ्याने सांग. म्हणावं, जेवलात, तृप्त झालात, आता आपल्या ठिकाणी परत जा, पुन्हा या घरी येऊ नका. नाही सांगितलंस, तर ती येईल तुमच्याबरोबर. ऐकतेस ना? पोरीसाठी तरी सांग."

"सांगते," स्नेहलता म्हणाली. 

माशसी तळ्याच्या काठावरच्या एका जुन्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. ऊन अजून होतं, पाणी मात्र काळं दिसत होतं. आत एका बाजूला लाकडी रंगमंच, मागे रंगवलेला एकच पाइनचा वृक्ष, आणि डाव्या बाजूने आत येणारी एक लांब पडवी. समोर जेवणाची टेबलं. गुरुदत्तच्या साहेबांच्या पत्नी, मोरिताबाई, राखी रंगाच्या किमोनोत दारात उभ्या होत्या. वयस्कर, बारीक, हात पोटाशी जुळवलेले. त्यांनीच टेबल दाखवलं.

टेबलावर चार पानं मांडली होती. चार लाखेरी तबकं, चार झाकणांचे वाडगे, चार जोड्या काड्या.

"आम्ही तिघंच आहोत," गुरुदत्त जर्मनमध्ये म्हणाला.

मोरिताबाई गोंधळल्या. काल संध्याकाळी सगळ्यांच्या घरी फोन करून विचारलं होतं. तुमच्या घरी एका मुलीने फोन घेतला. ती म्हणाली, आम्ही चौघं.

गुरुदत्तने मैत्रेयीकडे बघितलं. "गेनाऊ," अगदी बरोबर, असं मैत्रेयी म्हणाली, आणि स्नेहलताच्या शेजारची एक खुर्ची सोडून दुसरीवर बसली. मधली खुर्ची तिने हाताने जरा मागे ओढून ठेवली, कुणाला बसायला सोपं जावं म्हणून.

गुरुदत्त वेटरला बोलावून चौथं तबक उचलायला सांगणार, तेवढ्यात मोरिताबाईंनी स्नेहलताला हळूच विचारलं, की हे कोणासाठी. स्नेहलताचं जर्मन बेताचं. तिच्याकडे तीनच शब्द होते, तेवढे तिने सांगितले. हिची आई. वारली.

मोरिताबाई दचकल्या नाहीत. त्यांनी वेटरला हातानेच थांबवलं. मग सावकाश, स्नेहलताला कळेल अशा सोप्या जर्मनमध्ये सांगू लागल्या. त्यांच्याकडेही घरातलं माणूस लांब गेलं की त्याचं पान मांडतात, रोज. जेवण झाल्यावर त्याच्या वाडग्याचं झाकण उघडून बघतात. झाकणाला आतून थेंब असले, तर माणूस जिथे असेल तिथे सुखरूप आहे. "तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं. स्नेहलताने नकाराची मान हलवली. सुखरूप आहे का एवढंच विचारायला पान मांडायचं, हे तिने कधी ऐकलं नव्हतं. आपल्याकडे तर परत पाठवायची घाई.

दिवे मंद झाले. ढोलक्यावर एक थाप पडली आणि वाजवणाऱ्याने घशातून लांब हाळी दिली.  मग बराच वेळ काहीच झालं नाही. त्या काहीच न होण्यातच पडवीच्या टोकाशी कोणीतरी उभं होतं. कधी आलं ते तिला दिसलं नव्हतं. बाईचा मुखवटा, पांढरा, भुवया पार कपाळावर चढवलेल्या. ती बाई पाय न उचलता पुढे येऊ लागली, जमीनच तिला पुढे आणत असल्यासारखी. रंगमंचाच्या कोपऱ्यात एक वाटसरू बसला होता. तो हलत नव्हता.

मैत्रेयी बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडे झुकली. "घाबरू नकोस हं," ती मराठीत कुजबुजली, "खोटं आहे ते. मुखवटा आहे."

स्नेहलताने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. गुरुदत्तने ऐकलं होतं, तिला कळलं. तो जर्मनमधली माहितीपत्रिका डोळ्यांपुढे धरून बसला होता.

"काय चाललंय, सांगा ना," ती त्याला म्हणाली. बोलल्याशिवाय तिला राहवेना.

"ती बाई मेलेली आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "त्या वाटसरूला वाटलं, गावातली कोणी आहे. ती त्याला आपली सगळी हकीकत सांगते. त्याने काही करायचं नसतं. बसून ऐकायचं." पुढचं वाचताना त्याचा आवाज फाटला. "तिचं सांगून होईपर्यंत उठायचं नसतं, बस."

मुखवटा खाली झुकला तेव्हा तो रडतो आहे असं वाटलं. वर झाला तेव्हा हसतो आहे असं. लाकूड तेच. मग ती बाई वळली आणि बराच वेळ यांच्या टेबलाकडे तोंड करून उभी राहिली. ती कुणाकडे बघते आहे ते सांगता येत नव्हतं, पण स्नेहलताकडे नाही एवढं नक्की. तिच्या शेजारी.

नाटक संपलं तेव्हा टाळ्या उशिरा सुरू झाल्या. जेवण येऊ लागलं. यांच्यासाठी शाकाहारी सांगितलं होतं, जपानातल्या मठात करतात तसं. भातुकलीत मावेल एवढं एकेक यायचं. भोपळ्याची एक फोड, कमळकाकडीच्या दोन चकत्या, मटारएवढी हिरवी चटणी, वर एक पान. एरवी स्नेहलता म्हणाली असती, की एवढ्याने मिरजेची मांजरसुद्धा उठून जाईल. आज तिचं लक्ष शेजारच्या खुर्चीकडे होतं. चौथ्या पानावरही सगळं वाढलं जात होतं आणि तसंच उचललं जात होतं, आणि मैत्रेयी बोलत होती. हलक्या आवाजात, अखंड, मराठीत. हे गोड आहे बघ. हे नाही आवडणार तुला. मध्ये थांबायची, ऐकायची, पुढे बोलायची. गुरुदत्त तबकात बघत जेवत होता. त्याच्या डोळ्यांतलं पाणी सरळ भातात पडत होतं आणि ते त्याने पुसलंसुद्धा नाही.

शेवटी मोरिताबाई आल्या. चौथ्या पानावरचा साराचा वाडगा तेवढा झाकलेला राहिला होता. त्यांनी मैत्रेयीला खूण केली. मैत्रेयीने दोन्ही हातांनी झाकण उचलून उलटं केलं. आतून थेंबच थेंब होते. एक ओघळून टेबलावर पडला. मोरिताबाईंनी डोळे मिटून मान लववली आणि निघून गेल्या.

थेंब राहणारच, हे स्नेहलताला कळत होतं. भाताच्या पातेल्याच्या झाकणाला घरी रोज राहतात. पण तिची नजर वाडग्यात गेली. सार अर्ध्यावर होतं. आधी किती होतं? कुणी बघितलं होतं?

उद्या शाळा होती, म्हणून गोड यायच्या आधीच निघायचं ठरलं. गुरुदत्त उठला. सासूबाईंनी सांगितलेलं म्हणायची हीच वेळ. स्नेहलताने रिकाम्या खुर्चीकडे तोंड केलं. "ताई, जेवलात..." एवढं ती मोठ्याने म्हणाली.

मैत्रेयी तिच्याकडे बघत होती. पोरीला कळलं होतं. पुढचं वाक्य कुठलं येणार, ते त्या नऊ वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावर आधीच उमटलं होतं. तिने दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

हे बोललं की पोर गेली, हे स्नेहलताला लख्ख दिसलं. नाही बोललं, तर जिची भीती ती घरी येणार. कुणावर चिडावं ते तिला कळेना. सासूबाईंवर, मुक्या नवऱ्यावर, की मेल्यावरही पोर न सोडणाऱ्या या बाईवर? आणि मग तिच्या मनात आलं, की ही बाई काही मागत नाहीये. तिची पोर तिला धरून बसली आहे, आणि घरात दुसऱ्या कुणी तिच्याशी एक शब्द बोललेलं नाही. स्नेहलताने तोंड मिटलं. दिलेला शब्द मोडला आणि पर्स उचलली.

बाहेर अंधार पडला होता. गाडी झाडाखाली होती. स्नेहलता नेहमीप्रमाणे पुढच्या दाराशी गेली. या देशात तिच्या हक्काची म्हणावी अशी तेवढीच एक जागा होती, नवऱ्याच्या शेजारची. मैत्रेयी धावत आली आणि दारासमोर उभी राहिली.

"तिथे नको बसूस," ती म्हणाली. मराठीत. स्नेहलताला. "आईला मागे बसलं की गाडी लागते."

गुरुदत्तच्या हातात किल्ली तशीच राहिली. "लागायची तिला," तो म्हणाला. "फार लागायची."

स्नेहलताचे पाय पळ म्हणत होते. आठ महिने ती ज्या एका वाक्याची वाट बघत होती ते तिला मिळालं होतं, आणि त्यात तिलाच उठायला सांगितलं होतं. तिने दार उघडलं. "बसा, ताई," ती म्हणाली. क्षणभर थांबली. पदर दारात अडकणार नाही एवढं बघून दार लावलं, आणि जाऊन मैत्रेयीशेजारी मागे बसली.

गुरुदत्तने गाडी सुरू केली. टिंग. टिंग. टिंग. समोर लाल दिवा लागला. पुढच्या सीटवरच्या माणसाने पट्टा लावलेला नाही.

सीट रिकामी होती. स्नेहलताची पर्स तिच्या मांडीवर होती, मैत्रेयीचं जाकीट मैत्रेयीच्या अंगावर. टिंगटिंग वाढली, जोरात वाजू लागली. कुणी हललं नाही. मग गुरुदत्त वाकला, हात लांब करून त्याने पट्टा ओढला, कुणाच्या तरी अंगावरून घ्यावा तसा जरा दूर धरून घेतला, आणि खटकन लावला. आवाज थांबला.

त्याने गाडी पुढे घेतली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून तो बसून राहिला.

"नंदिनी," तो म्हणाला. स्नेहलताने त्याच्या तोंडून ते नाव आज पहिल्यांदा ऐकलं. "मागे स्नेहलता आहे. जानेवारीत लग्न केलं मी. तुला सांगायचं राहिलं होतं." तो थांबला, उत्तर येईपर्यंत थांबावं तेवढा. मग मान खाली घातली.

मैत्रेयी खुदकन हसली.

"काय म्हणाल्या?" स्नेहलताने विचारलं. 

"बाबांना रागावली. म्हणाली, आत्ता सांगतोस होय?"

"आणि मला?"

मैत्रेयीने पुढे कान दिला. गाडीत कसलाच आवाज नव्हता.

"तुला नाही," ती म्हणाली, आणि स्नेहलताच्या मांडीवर डोकं ठेवून तिने डोळे मिटले.